स्पॅनिशच्या वर्गातला डावा हात

बीडमध्ये स्पॅनिश शिकवणारा माणूस अशी माझी ओळख करून दिली की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग ओळख करून देणाऱ्याकडे बघतो आणि विचारतो, "पण कावून?" या 'का'ला मी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. ही भाषा किती देशांत बोलतात, करिअरच्या किती वाटा उघडतात, लहान वयात दुसरी भाषा शिकली की मेंदूला कसा व्यायाम होतो, वगैरे. खरं उत्तर एवढंच आहे की पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा परदेशी भाषा शिकणाऱ्याला कंपनी बढती देणार होती, आणि जर्मनच्या वर्गात जागा उरली नव्हती.

मग कैक वर्षं मी पाणी उपसायच्या पंपांची माहितीपत्रकं स्पॅनिशमध्ये लिहिली. त्यामुळे माझं स्पॅनिश फार चमत्कारिक आहे. त्या भाषेत मला कुणाची धड विचारपूस करता येणार नाही, पण बोल्ट किती आवळावा आणि कुठं थांबावं हे मी झोपेतही सांगेन. या काळात बायको बीडला होती, कारण ती नर्स आहे आणि तिची नोकरी इथली. लेक तिच्यापाशी. मी शनिवारच्या एसटीनं यायचो आणि रविवारी परतायचो. लेक चारचौघांत मला 'शनिवारचे पप्पा' म्हणायची. लोक हसायचे, मीही हसायचो, आणि बसमध्ये बसल्यावर ते आठवून खिडकीबाहेर बघत बसायचो.

पुढे कंपनीनं माझं काम कॉम्प्युटरकडून करून घ्यायला सुरुवात केली. कॉम्प्युटरचं स्पॅनिश माझ्याइतकंच वाईट होतं, पण त्याला चहा लागत नव्हता. मी बॅग उचलून बीडला आलो. सोमवारी सकाळी मला घरात दात घासताना बघून लेकीनं विचारलं, "आज कशाची सुट्टी आहे?"

ती ज्या शाळेत तिसरीत शिकते त्या शाळेच्या अध्यक्षांना सगळे दादा म्हणतात. शेजारच्या शाळेनं तेव्हा रोबोटिक्स काढलं होतं, त्यामुळे दादांची झोप उडाली होती. त्यांना 'कायतरी फॉरेन' हवं होतं. मी त्यांना आयता सापडलो. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "स्पॅनिश म्हणजे हे फुटबॉलवाले ना?" मी हो म्हटलं. माझी तेवढीच मुलाखत झाली. पण दादा हिशेबी माणूस. ते म्हणाले, "सर, दोन महिने शिकवा. मग पालकांचा मेळावा घेऊ. पालकांनी माना डोलावल्या तर वर्ग पक्का. न्हाईतर त्या तासाला अबॅकस ठेवू."

अबॅकस आला की मी पुन्हा पुण्याला. तिथल्या एका मित्रानं त्याच्या कचेरीत माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती आणि तो दर आठवड्याला फोन करून 'येतोस का' म्हणून विचारत होता. मला जायचं नव्हतं. हे मी बायकोला सांगितलं होतं, मित्राला सांगितलं नव्हतं, आणि लेकीला सांगायची गरज नव्हती. माझी बॅग अजून कपाटावरच होती, रिकामी न केलेली, आणि लेक त्या बॅगेकडे रोज बघायची.

आता मेळाव्याची तयारी. कुठल्याही शहाण्या माणसानं मुलांना गाणं शिकवलं असतं, एखादा खेळ बसवला असता. पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत वाढलेला माणूस. बाहेरचं कुणी वर्ग बघायला येणार म्हटलं की माझ्या डोक्यात एकच गोष्ट येते, ती म्हणजे साहेबांची तपासणी. आमच्या गावच्या शाळेत तपासणीच्या आदल्या दिवशी गुरुजी सांगायचे, "उद्या प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असंल त्यानं उजवा, येत नसंल त्यानं डावा." साहेबांना अख्खा वर्ग हात वर केलेला दिसायचा. गुरुजी फक्त उजव्यांना उठवायचे. साहेब खूश होऊन जायचे आणि आम्हाला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळायची. मी मोठा होऊन परदेशी भाषा शिकलो, पुण्यात राहिलो, काचेच्या इमारतीत बसलो, आणि वेळ आली तेव्हा डोक्यातून निघालं ते हेच.

मुलांना ती युक्ती प्रचंड आवडली. स्पॅनिशपेक्षा ती लवकर आली, हेही कबूल केलं पाहिजे. एका मुलाला नेहमी शंका असायची, म्हणून तो दोन्ही हात वर करायचा. त्याला बहुधा अर्धं येत होतं.

राहता राहिली माझी लेक. तिला सगळं येत होतं. वर्गात शिकवलेलं तर येतच होतं, पण घरात मी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तिच्याशी जे काही मोडकंतोडकं बोलायचो तेही तिनं उचललं होतं. संध्याकाळी गच्चीवर ती मला एकेका वस्तूचं नाव विचारायची आणि मला न आलेल्या शब्दावर मी "अगं, त्याला तिकडे तसा शब्दच नाही," असं दडपून सांगायचो. पंपात न सापडणाऱ्या बऱ्याच वस्तूंना माझ्या लेखी स्पॅनिशमध्ये शब्दच नाहीत.

तिच्यामुळे पंचाईत अशी की शाळेच्या गेटवर मी एकदा दोघीजणींचं बोलणं ऐकलं होतं. "सरांच्या पोरीचं काय, तिला घरीच शिकवत असतेल. पुढंबी तिलाच करतेल." आपल्याकडे मास्तराचं पोर वर्गात पहिलं आलं की पोराला कुणी शाबासकी देत नाही. सगळे मास्तराकडे डोळे बारीक करून बघतात. म्हणून मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "उद्या तू डावा हात वर कर."

"पण मला येतं."

"येतं गं. पण मी तुलाच उठवलं तर लोक म्हणतील, स्वतःच्या पोरीला विचारलं."

"डावा म्हणजे येत नाही."

"उद्यापुरतं. एवढं ऐक. उद्याचं नीट पार पडलं की मी इथंच."

ती थोडा वेळ कपाटावरच्या बॅगेकडे बघत राहिली आणि "बरं," म्हणाली. तिच्या आईचं 'बरं' मला ओळखता येतं, त्याचा अर्थ विषय संपलेला नाही असा असतो. हे तसं वाटलं नाही, म्हणून मी निर्धास्त झालो.

मेळावा शाळेच्या पत्र्याच्या सभागृहात होता. पावसाळा अर्धा सरला होता, पण आभाळ नुसतं भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. आत उकाड्यानं जीव चालला होता. दारात मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर दादांचा फोटो, दादांच्या दोन्ही भावांचे फोटो, आणि कोपऱ्यात जागा उरली तिथं 'स्पॅनिश भाषा परिचय' असं लिहिलं होतं. स्पेनचं चित्र म्हणून फ्लेक्सवाल्यानं एक धबधबा टाकला होता. येणारा प्रत्येकजण तो बघून, बीडजवळचाच धबधबा समजून, "कपिलधार काय?" असं म्हणून आत येत होता.

मग सत्कार सुरू झाले. आमच्याकडे सत्कार झाल्याशिवाय कशालाच सुरुवात होत नाही. दादांचा झाला, दादांच्या भावांचा झाला, फ्लेक्सवाल्याचाही झाला. मंडप नव्हताच, तरी मंडपवाल्याचा झाला, कारण तो आला होता. तोवर माझी मुलं सतरंजीवर बसून पेंगायला लागली होती. शेवटी दादांनी माइक माझ्या हातात दिला आणि कानात म्हणाले, "आटपतं घ्या. लोकांला चहा प्यायचाय."

मी प्रास्ताविक केलं. ते मी पुण्याच्या थाटात तयार केलं होतं, त्यामुळे ते कुणीच ऐकलं नाही. मग मी मुलांना खूण केली आणि सगळ्यांनी एका सुरात पालकांना "बुएनोस दियास" म्हटलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा अर्थ सुप्रभात असा होतो आणि दुपारचे चार वाजले होते. पण दुपारचं अभिवादन अजून पाठ झालं नव्हतं, आणि सभागृहात हे ठाऊक असलेला मी एकटाच होतो.

मग प्रश्न. कुत्र्याला काय म्हणतात? सगळे हात वर. मी उजवा हात हेरला आणि उठवलं. उत्तर बरोबर, टाळ्या. पाण्याला काय म्हणतात? सगळे हात वर, उजवा, बरोबर, टाळ्या. बायका एकमेकींना कोपरानं ढोसून आपापली पोरं दाखवत होत्या. दादा खुर्चीत मागं रेलले. मला वाटलं, जिंकलं. गुरुजींच्या आत्म्याला मी मनातल्या मनात नमस्कारही करून टाकला. गुरुजी अजून हयात आहेत, ते गावी निवांत शेती बघतात, पण त्या क्षणी ते सुचलं नाही.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एकजण उठले. कोर्टात वकिली करणारे गृहस्थ, त्यांचा मुलगा माझ्या वर्गात. तोच तो दोन्ही हात वर करणारा. ते बराच वेळ गालातल्या गालात हसत होते आणि ते कौतुकाचं हसू आहे असं मी धरून चाललो होतो.

"सर, एक विचारू का? तुमचं शिक्षण कुठं झालं?"

"पुण्याला," मी ऐटीत म्हटलं.

"ते न्हाई. पहिली ते चौथी."

"गावच्या शाळेत. जिल्हा परिषदेच्या."

"मग बरोबर हाय," ते म्हणाले आणि सभागृहाकडे वळले. "मंडळी, जरा लेकरांचे हात बघा. कोण उजवा वर करायलंय आन् कोण डावा, ते बघा. आन् सर कुणाला उठवायलेत, तेबी बघा."

मग आधी मागून एकजण फिसकला, मग दुसरा, आणि मग सगळं सभागृह खो खो हसायला लागलं. कारण तिथं बसलेला एकूण एक माणूस तसल्याच शाळेत शिकलेला होता. बायकांनी तोंडाला पदर लावले. एकजण शेजाऱ्याच्या पाठीत थाप मारून ओरडला, "तू तर चौथीपर्यंत डावाच वर केलास, बे!" जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठंही ही युक्ती खपून गेली असती. मी ती नेमकी अशा लोकांपुढे करून दाखवली जे सगळे तीच करत मोठे झाले होते.

"तर गुरुजी," वकीलसाहेब म्हणाले. इतका वेळ मी सर होतो, आता गुरुजी झालो. "आता एखाद्या डाव्या हाताच्या लेकराला विचारा की."

मी मुलांकडे वळलो. माझी मुलं अशी हुशार की सगळे डावे हात तोवर खाली गेले होते. एकच डावा हात वर होता. माझ्या लेकीचा. तिला खाली घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं.

"हां, ह्या बाळाला विचारा. आभाळाचा रंग विचारा, सोपा हाय."

मला उलट जरा सुटल्यासारखं झालं. तिला येत होतं. आभाळाचा रंग तिला कधीपासून येत होता. ती उत्तर देईल, डाव्या हातालाही येतं असं दिसेल, आणि अब्रू वाचेल. मी स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी 'सांग' अशी मान हलवली. ती उठली, दोन्ही हात मागे बांधले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "नो से."

"काय म्हणली?" दादांनी विचारलं.

भाषांतर हा माझा धंदा आहे. मी माइकवर सांगितलं, "ती म्हणते, मला माहीत नाही."

पुन्हा हशा उसळला. त्यातून कुणीतरी म्हणालं, "आरं, ही तर सरांचीच पोरगी हाय!" मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. अबॅकसचे मणी मला डोळ्यांपुढे दिसत होते. पण वकीलसाहेब हसत नव्हते. त्यांनी हात वर करून लोकांना गप्प केलं.

"थांबा. हसण्यावारी नेऊ नका. मास्तर घरातल्या घरात, आन् पोरीला आभाळाचा रंग येत न्हाई. म्हणजे ह्या माणसानं तिला घरी काय बी शिकवलेलं न्हाई. जे काय हाय ते वर्गात, सगळ्या लेकरांसंगं. मला सांगा, असला मास्तर कुणी बघितलाय का? हातांची गंमत सोडा. माणूस इमानदार हाय."

लोकांच्या माना डोलायला लागल्या. गेटवर बोलणाऱ्या त्या दोघीही मान डोलावत होत्या. दादांना वारं कुठल्या दिशेनं वाहतंय हे सांगावं लागत नाही. त्यांनी तिथल्या तिथं वर्ग कायम केल्याचं जाहीर केलं, टाळ्या झाल्या, आणि उरलेली एक शाल माझ्या अंगावर घालून हातात नारळ दिला. मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला की गाल दुखेपर्यंत मी हसत होतो. वर्ग पक्का झाला होता. बॅग रिकामी करता येणार होती. त्या गर्दीत लेक कुठं आहे हे मी बघितलंही नाही.

नंतर ती मोटारसायकलपाशी उभी सापडली. मी शाल खांद्यावरच ठेवली होती, कारण रस्त्यात लोकांनी बघावी असं वाटत होतं. नारळ तिच्याकडे दिला. निघालो. थोडं पुढं गेल्यावर मी विचारलं, "अगं, सांगितलं का नाहीस? मी मान हलवली होती ना."

"डावा म्हणजे येत नाही, असं तुम्हीच सांगितलंत," ती मागून म्हणाली. "मी सांगितलं असतं तर तुम्ही खोटे पडला असता. मग वर्ग बंद झाला असता."

मला हसू आलं. तिच्या हुशारीचं कौतुकही वाटलं. 'बापाची लेक' असलं काहीतरी मी बोललोसुद्धा.

मग तिनं विचारलं, "पप्पा, आता मला कायमच येत नाही का?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागं वळून बघितलं तर ती नारळ पोटाशी धरून बसली होती आणि खरंच विचारत होती. तिच्या तोंडावर तक्रार नव्हती. मी हो म्हटलं असतं तर तिनं पुन्हा 'बरं' म्हटलं असतं आणि दहावीपर्यंत डावा हात वर केला असता, हे मला लख्ख कळलं, आणि मला माझाच इतका राग आला की अंगावरची शाल टोचायला लागली. मी ती काढली, हँडलला अडकवलेल्या पिशवीत कोंबली आणि गाडी उलटी फिरवली. शाळेपर्यंतच्या रस्त्यात वर्ग, दादा, अबॅकस, पुण्याचा मित्र, सगळं डोक्यात फिरून गेलं. मी थोडा हळूही झालो. थांबलो मात्र नाही.

शाळेसमोरच्या हॉटेलात वकीलसाहेब चहा पीत बसले होते. सोबत आणखी काही पालक. मला बघून ते उठले. "या सर, या. चहा सांगा रे एक."

"वकीलसाहेब, हिला तो प्रश्न परत विचारा."

"जाऊ द्या हो. लेकरू हाय. आज न्हाई आलं, उद्या येईल."

"नाही. विचाराच."

माझा आवाज जरा चढला असावा, कारण बाकीच्यांनी कप खाली ठेवले. वकीलसाहेब वाकले आणि विचारलं, "आभाळाचा रंग कोणता गं, बाळा?"

तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मग हॉटेलच्या पत्र्याबाहेर डोकं काढून वर बघितलं. "एल सिएलो एस आसुल," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा वर बघून म्हणाली, "पेरो ओय एस्ता ग्रिस."

"आभाळ निळं असतं," मी सांगितलं, "पण आज ते करड्या रंगाचं आहे." हे दुसरं वाक्य मी वर्गात कधीच शिकवलं नव्हतं. 'ग्रिस' हा रंग आमच्या पंपांचा. गच्चीवर बडबड करताना तिनं तो कधी उचलला, मला माहीत नाही.

सगळे बाप्ये मान वर करून बघायला लागले. आभाळ खरोखरच करडं होतं.

"मग मघाशी कावून न्हाई सांगितलंस?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"पप्पांनी डावा हात सांगितला होता," ती एका दमात म्हणाली. "नीट झालं नसतं तर पप्पा पुण्याला गेले असते."

मी म्हटलं, "हिला मी घरी शिकवतो, वकीलसाहेब. रोज शिकवतो. वर्गातल्या कुणाहीपेक्षा हिला जास्त येतं. तुम्ही जो माझा सत्कार केला, तो चुकीच्या माणसाचा झाला. दादांना सांगायचं असेल तर सांगा."

वकीलसाहेबांनी चहाचा घोट घेतला. मग माझ्याकडे असं बघितलं जसं ते कोर्टात दुसऱ्या बाजूच्या साक्षीदाराकडे बघत असतील. "मला एक सांगा गुरुजी. ज्याला येतंय त्यालाच उठवून तुमी काय मिळवायलात? आमचं पोरगं दोन्ही हात वर करायलंय तिकडं. त्याला विचारा ना. न येणारी लेकरंच आमी शाळंत घातलीत." त्यांनी कप ठेवला. "दादाचं मी बघतो. पोरीला घरी शिकवताव तर शिकवा, त्यात काय चोरी हाय? पण हे हातांचं बंद करा."

मी मान हलवली. माझा चहा आला, त्यावर साय धरायला लागली तरी मी तो उचलला नाही.

लेकीनं तिच्या हातातला नारळ माझ्या हातात दिला, बाकाला वळसा घालून वकीलसाहेबांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, अजून विचारा ना. मला लई येतं."